पाच वॅटच्या संचाविषयी खरी साक्ष

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, वीज केंद्राच्या मीटर-खात्यातून निवृत्त झालेला कारागीर, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या वरच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहितो आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, आणि त्यांची मुदत डॉक्टरीणबाईंनी मला आडपडदा न ठेवता सांगितली आहे. हे कोणी माझ्याकडून फसवून, धमकावून किंवा गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. उलट वकीलबाई कलम सहा लिहू नका म्हणून मागे लागल्या आहेत. "काका, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, मनातलं नाही." मी म्हटलं, "मालमत्ता एका पानात संपते बाई. बाकीचं कुठे ठेवून जाऊ?"

याआधीचं एक मृत्युपत्र बायको असताना केलं होतं. ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, खालच्या भाड्याच्या गाळ्यासह, माझी मुलगी आणि मुलगा यांना समान वाट्याने. मुलगा इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. मुलीने त्याचा वाटा विकत घ्यावा, आणि त्याने तो देताना वकिली करू नये. लहानपणी दोघांत कंपासपेटीवरून जे झालं ते घरावरून होऊ नये.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझ्या आजारपणाचा आणि शेवटच्या कार्याचा खर्च भागवावा. उरेल ते दोघांचं.

कलम ३. माझी हत्यारं, म्हणजे तिन्ही सोल्डरिंग इस्तऱ्या, व्हर्नियर, चिमटे, मीटर आणि लेबलं लावलेले सगळे खण, खालच्या गाळ्यात जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या बाईंना द्यावे. त्या घेतलेलं हत्यार पुसून परत ठेवतात. जावईबापूंनी माझं ड्रिल नेलं आणि चावीशिवाय परत आणलं, या गोष्टीला नऊ वर्षं झाली. चावी अजून सापडत असेल तर तीही बाईंना द्यावी.

कलम ४. गच्चीवरचा एरियलचा खांब उतरवावा. शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरनी या खांबावर आयुष्यभर अर्ज केले. त्यांच्या टीव्हीत बातम्या सांगणारी बाई माझ्या आवाजात बोलते, असं त्यांनी नगरपालिकेला लेखी कळवलं होतं. ते खोटं नव्हतं. तेव्हा मी कबूल केलं नाही, आता करतो. खांब उतरवताना त्यांना बोलावून समोर उभं करावं. एवढं सुख त्यांना मिळालं पाहिजे.

कलम ५. आता संच.

वरच्या खोलीत टेबलावर जो मोठा बिनतारी संच आहे तो मी सत्तेचाळीसाव्या वर्षी घेतला. त्यासाठी तीन वर्षं जादा पाळ्या केल्या, आणि बायकोने तेवढ्या काळात एकही नवी वस्तू मागितली नाही. आमच्या भागातल्या हौशी बिनतारी मंडळात त्याच्या तोडीचा संच दुसऱ्या कोणाकडे नव्हता. शंभर वॅट. दोन माणसांनी उचलावा एवढं वजन. समोर इतकी बटणं की पहिल्या दिवशी मी नुसता त्यांच्यावरून बोटं फिरवत बसलो होतो.

माझा धाकटा भाऊ सात वर्षांनी लहान. सर्व्हेखात्यात मोजणीचं काम करायचा, वर्षातले सहा महिने डोंगरात. बिनतारीचं वेड मीच त्याला लावलं, पण तो गेला दुसऱ्याच वाटेने. बिस्किटाच्या डब्यात मावेल असा संच त्याने स्वतः जोडला. फक्त मोर्सची कट्ट-कडकट्ट, बोलणं नाही. ताकद पाच वॅट. मोटारसायकलच्या बॅटरीवर तीन दिवस चालायचा. तो खांद्यावरच्या झोळीत टाकून हा जगभर बोलायचा आणि मला येऊन सांगायचा, "दादा, काल समुद्रापलीकडचा एक दंतवैद्य भेटला. तो म्हणतो, छान ऐकू येतंय."

"सभ्यपणाने म्हणाला असेल," मी म्हणायचो.

हा वाद आमच्यात चौदा वर्षं चालला. मजेचा होता. मग मजेचा राहिला नाही.

मंडळाच्या एका बैठकीत सचिवांनी परीक्षा ठेवली. पडद्यामागे दोन्ही संच, एरियल एकच, कर्णाही एकच. धाकटा मागे बसून संच बदलणार आणि मी कोणता चालू आहे ते ओळखायचं. दहा वेळा. माझं चार वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी पाच वेळा आलं असतं. तीस-पस्तीस माणसं होती. पडद्यामागून धाकटा बाहेर आला आणि म्हणाला, "दादा, तुझ्या संचाचं वजन मात्र जास्त आहे, तेवढं निर्विवाद." सगळे हसले. सचिव तर टेबलावर हात आपटून हसले. त्यांचं ते हसणं मी त्यांना माफ करत नाही, पण त्यांच्या नावाने दुसरं काही मांडूनही ठेवत नाही.

मी उभा राहून म्हणालो, "घराच्या दारात सगळेच संच चांगले. हवा बिघडलेली असताना डोंगराआडून बोलून दाखव. दीडशे किलोमीटरवरून. खात्याने दिलेला मोठा संच घरी ठेवून जा."

"जातो," धाकटा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तसंही वर जायचंच आहे. रोज संध्याकाळी सहाला वाजवीन. सात दिवस. ऐकू आलं तर तू फक्त उत्तर दे. दिलंस की मी जिंकलो. नाही दिलंस तर मी इथे येऊन सगळ्यांसमोर कान पकडतो."

हे सर्वांच्या साक्षीने ठरलं. खात्याचा संच तो खरोखर घरी ठेवून गेला. भावजयीने विचारलं तेव्हा तिला म्हणाला, "दादाशी पैज आहे."

कलम ६. पहिले चार दिवस काही ऐकू आलं नाही. हे खरं आहे. सूर्यावर काहीतरी उलथापालथ चालू होती, हवा खरखरत होती. माझ्या नोंदवहीत चारही दिवशी 'नाही' लिहिलं आहे आणि तो शब्द प्रामाणिक आहे.

पाचव्या दिवशी सहा वाजता मी संचासमोर बसलो होतो. कर्ण्यातून खरखर येत होती. त्या खरखरीच्या खालून, लांब विहिरीत कोणी वाटी वाजवावी तसा, त्याचा हात ऐकू आला. मोर्स वाजवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. माझा धाकटा शेवटची रेघ जरा जास्त ओढायचा. माझा संच किती चांगला होता ते सांगतो. मी एक बटण दाबलं, दुसरं थोडं फिरवलं, आणि खरखर बाजूला होऊन त्याचा हात स्वच्छ समोर आला. त्या संध्याकाळी तसा संच नसता तर तो मला ऐकू आला नसता. मोठा संच चांगला, हे तेव्हा सिद्ध झालं. आणि पाच वॅट पुरतात, हेही. तो माझं सांकेतिक नाव वाजवत होता, मग स्वतःचं, मग पुन्हा माझं.

बायको चहा घेऊन वर आली. तिला मोर्स येत नव्हतं, पण इतकी वर्षं ऐकून हात ओळखता यायचा. दारातच थांबून म्हणाली, "अहो, हे भावोजी ना?"

मी बटण आणखी थोडं फिरवलं.

"मग द्या की उत्तर."

"वाजू दे," मी म्हणालो. "अजून दोन दिवस आहेत."

माझ्या मनात काय होतं ते मी लपवणार नाही. उत्तर दिलं की तीस-पस्तीस माणसांसमोर उभं राहून हरलो म्हणायचं. मोर्सच्या चावीवर हात ठेवला तरी माझी बोटं हलली नसती. वाटलं, दोन दिवसांत हवा आणखी बिघडेल, तो आपोआप गप्प होईल, आणि मी ऐकलं हे कोणालाच कळणार नाही. मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. संच बंद केला नाही. समोरच्या तबकडीतला काटा हलत राहिला. सवयीचा माणूस काट्याच्या हालण्यावरूनही अक्षरं वाचू शकतो असं म्हणतात. मी काट्याकडे पाहत चहा प्यायलो. वाचलं नाही. बायको टेबलावर बशी ठेवून खाली गेली.

त्या दिवशी दुपारी चारला त्याच्या छावणीवर दरड कोसळली होती. चौघेजण होते. दोघे जागीच गेले. धाकटा कमरेपर्यंत गाडला गेला होता. मोजणीची साखळी धरणाऱ्या माणसाचा एक हात दगडाखाली होता. एरियलची तार मात्र झाडावर जशीच्या तशी होती, आणि संचाची झोळी धाकट्याच्या हाताला लागली. सुरुवातीला त्याने नुसती हाक मारली, कारण समोर कोणी आहे हे कळल्याशिवाय निरोप देऊन उपयोग नसतो. हे मीच त्याला शिकवलं होतं. नंतर त्याने निरोपही वाजवला. तो त्या काट्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूरच्या एका बंदरात राहणाऱ्या घड्याळजीने त्याची हाक घेतली. या गृहस्थांचा संचही घरी जोडलेला, बहुधा धाकट्याच्या संचाहून लहानच. त्यांनी पोलिसांना कळवलं, पोलिसांनी खात्याला. पथक चालत पोचलं त्याच्या तीन तास आधी धाकटा गेला. पथकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आदल्या संध्याकाळी कळलं असतं तर बहुतेक वाचले असते. हे ते मला सांगत नव्हते, व्हरांड्यात दुसऱ्या कोणाला सांगत होते. मी तिथे होतो.

साखळीवाला वाचला. हात गेला. पंधरा दिवसांनी तो मला भेटायला आला, एक बाही खिशात खोवलेली. म्हणाला, "साहेब रात्रभर मला धीर देत होते. म्हणाले, घाबरू नकोस, माझा दादा ऐकतोय. त्याच्याकडे असा संच आहे की पाल चुकचुकली तरी ऐकू येईल. इतके दिवस मी त्याची टिंगल केली, पण संच खरंच चांगला आहे."

मी त्याला पाणी दिलं.

मग खात्याची चौकशी झाली. एका लांब टेबलापलीकडे तिघे अधिकारी बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "त्या संध्याकाळी सहाला तुम्ही संचावर होतात?"

"होतो."

"काही ऐकू आलं?"

"नाही."

"शक्यता होती?"

"पाच वॅट होते साहेब," मी म्हणालो. "डोंगराआडून."

त्यांनी ते लिहून घेतलं. परिसरातला सगळ्यात भारी संच माझा. मला ऐकू आलं नाही म्हणजे कोणालाच येणं शक्य नव्हतं, असा निष्कर्ष निघाला. सकाळी घड्याळजीने ऐकलं तो हवेचा योगायोग ठरला. मंडळाने ठराव केला की लहान संच डोंगरात भरवशाचे नाहीत. खात्याने परिपत्रक काढलं की मोजणीच्या तुकडीने फक्त मोठाच संच न्यावा. तो संच पेटीसकट दोघांना उचलावा लागतो. चढावर कोण नेणार? चार वर्षांनी नदीच्या वरच्या अंगाला आणखी एक तुकडी अडकली. दोन माणसं बुडाली. मोठा संच खाली गाडीत होता, परिपत्रकाप्रमाणे, कोरडा. ती दोन माणसंही माझीच.

आणि माझी पुतणी. धाकट्याची एकुलती एक. तेव्हा बावीस वर्षांची होती, इंजिनियरिंगला. चौकशीचा अहवाल तिने वाचला. मला म्हणाली, "काका, बाबा खेळणं घेऊन गेले. हट्टापायी. आईचा, माझा काही विचार केला नाही." अकरा वर्षं ती बापावर रागावलेली आहे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे गं, तो तसाच होता."

माझ्या बायकोने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मलाही कधी बोलून दाखवली नाही. फक्त त्या दिवसानंतर ती वरच्या खोलीत आली नाही. चहा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून हाक मारायची. सहा वर्षं. पाच वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी विषय काढला. तिने भिंतीकडे तोंड केलं.

म्हणून मी आता शपथेवर लिहितो. त्या संध्याकाळी मला माझ्या भावाचा सिग्नल स्पष्ट ऐकू आला. चौकशीतली माझी साक्ष खोटी आहे. नोंदवहीत मी त्याच दिवशी खरी वेळ लिहिली होती. चौकशीत ती वही कोणी मागितली नाही. खोटी नोंद करायला हात धजला नाही, तोंड धजलं.

आणि ज्यासाठी हा सगळा वाद झाला त्याबद्दल, पन्नास वर्षं हे काम केलेला माणूस म्हणून: शंभर वॅट पाचाच्या वीसपट असले तरी ऐकणाऱ्याच्या काट्यावर फरक जेमतेम दोन खुणांचा पडतो. उंच बांधलेली साधी तार त्याहून जास्त देते. महागडा संच गर्दीत आणि खरखरीत चांगला ऐकतो, याबद्दल शंका नको. पण तो खोलीत असतो, आणि त्याला भिंतीतली वीज लागते. लहान संच माणसाबरोबर जातो. डोंगरात जाणाऱ्याने लहानच न्यावा. ऐकणाऱ्याकडे मोठा असेल तर उत्तम. बाकी सगळं ऐकणाऱ्यावर आहे.

कलम ७. मोठा संच मंडळाला द्यावा. संचाचा काही दोष नाही, त्याने ऐकलं होतं. अट एकच: पूर, दरड, वादळ असेल त्या दिवसांत कोणीतरी त्याच्यासमोर बसावं, आणि बसेल त्याने आवाज कमी करू नये.

कलम सहा मंडळाच्या वार्षिक सभेत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवावं. सचिवांनी वाचावं, त्यांचा आवाज मोठा आहे. त्याची एक प्रत नोंदवहीच्या त्या पानासह सर्व्हेखात्याला पाठवावी आणि परिपत्रक मागे घेण्याची विनंती करावी. एक प्रत साखळीवाल्याला आणि एक बंदरातल्या घड्याळजींना. नोंदवही माझ्या मृत्यूनंतर भावजयीला द्यावी.

धाकट्याचा लहान संच मातीतून निघाला तो भावजयीकडे आहे. तो माझा नाही. त्याबद्दल काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी. त्यांना कलम सहा आवडलेलं नसलं तरी गाळू नये.

पुरवणी. वरचा मजकूर वकीलबाईंनी शेवटपर्यंत वाचला आणि कागद सरळ करून माझ्यासमोर ठेवले. मग म्हणाल्या, "मेल्यावर वाचून दाखवणं सोपं असतं, काका." म्हणून काल दुपारी मी भावजयीला बोलावून घेतलं.

ती आली. वरच्या खोलीत खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर. मी कलम सहा वाचलं. मध्ये दोनदा खोकल्याने थांबावं लागलं, ती थांबली. वाचून झाल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

"आवाज कमी केल्यावर काटा किती वेळ हलत होता, दादा?"

"वहीत लिहिलेलं आहे."

"वाचा."

मी वही काढली. "आवाज बंद, सहा वाजून चार मिनिटं. काटा थांबला, सहा वाजून एकवीस."

"सतरा मिनिटं."

"हो."

तिने खुर्ची भिंतीवरच्या घड्याळाकडे वळवली. "मग आता सतरा मिनिटं बसू या. खोकला आला तर खोका. पण बोलू नका."

आम्ही बसलो. खाली रिवाइंडिंगवाल्या बाईंचं यंत्र चालू होतं, ते चौथ्या मिनिटाला थांबलं. रस्त्यावरून कोणीतरी कोणालातरी पत्ता विचारला. नवव्या मिनिटाला तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मला वाटलं ती रडेल, पण ती घड्याळाकडेच पाहत होती. अकराव्या मिनिटाला मी बोलणार होतो. तिने मान न वळवता पुन्हा हात वर केला. त्यानंतर मी मिनिटं मोजू शकलो नाही. ती मोजत होती.

शेवटी ती उठली. पिशवी उचलली. "खूप वेळ असतो हो, दादा," ती म्हणाली.

मग टेबलावरची वही घेऊन पिशवीत ठेवली. "लेकीला मी सांगेन. आज. तुम्ही फोन करू नका." दारात तिने चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. मी पाणी विचारलं नव्हतं, हे मला ती गेल्यावर आठवलं.

तेव्हा कलम ७ मध्ये एवढा बदल: नोंदवही मृत्यूनंतर देण्याचं कारण उरलेलं नाही. खात्याला पाठवायची पानाची नक्कल भावजय देईल तर घ्यावी. ती नाही म्हणाली तर मागू नये.

हा सर्व मजकूर मी वाचला, मला समजला, आणि तो खरा आहे.

सही: मृत्युपत्र करणार (सही वाकडी आली, पण माझीच आहे)

आम्ही दोघांनी वरील इसमास आमच्यासमोर सही करताना पाहिलं आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. आम्हाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई. सही. इसम शुद्धीवर व समजून-उमजून बोलत असल्याची खात्री केली.

साक्षीदार २: शेजारचे निवृत्त ओव्हरसियर. सही. मजकूर वाचून दाखवण्यात आला. खांबाबद्दल माझी आता काही तक्रार नाही.

स्थळ: राहत्या घरी, वरच्या खोलीत
दिनांक: चौदा, महिना दुसरा, दुपारी साडेतीन